जुना डेस्कटॉप: एसएसडी टाकावी की मशीनच बदलावं?

सेलूकर:
आमच्या सेवा केंद्रातला डेस्कटॉप २०१४चा. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. जुलैत पीक विम्याच्या अर्जांसाठी दारात रांग आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरायलं. दुकानदार म्हणाला, भंगारात घाला. मी टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर २० टक्क्यांवर निवांत, डिस्क मात्र १०० वर अडकलेली. दुखणं डिस्कचं, मग अख्खं मशीन का फेकायचं?

आधी कॅबिनेट अंगणात नेऊन उघडलं. पंख्याखालच्या हीटसिंकमध्ये (प्रोसेसरची उष्णता ओढणारी धातूची पाती) काळ्या मातीची धूळ घोंगडीसारखी जमलेली, प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला देणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रशने सगळं साफ केलं, नवी पेस्ट लावली. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून तिच्यावर विंडोज १० नव्याने टाकलं, रॅम ८ जीबी केली. पूर्वी बटण दाबून चहा पिऊन यायचो, आता खुर्ची ओढेपर्यंत डेस्कटॉप समोर असतो. ज्यांचं पोट अशा मशीनवर आहे त्यांना नव्याच्या कर्जात ढकलू नये, असं माझं ठाम मत आहे.

जालन्याहून:
दादा, वेग आला, पण सुरक्षेचं काय? विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टची नेहमीची सुरक्षा अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर चालतो. तुमचा त्यात बसत नाही. तुमच्यासमोर शेतकरी आधार, बँक पासबुक, सातबारा ठेवतो तो विश्वासाने. घरच्या मशीनवर काय ते करा, लोकांची कागदं असल्या मशीनवर नकोत.

लातूर_डीटीपी:
सेलूकरांशी सहमत. माझ्याकडे लग्नपत्रिकांची पंधरा वर्षांची कामं जुन्या फॉन्टमध्ये आहेत, सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या युनिकोडमध्ये नाहीत. मशीन बदललं की आधी ती उघडायचीच पंचाईत. सुरक्षेची भीती नको म्हणून मी नेटची वायरच काढून ठेवली आहे. एक लक्षात ठेवा, काही जुन्या मदरबोर्डांवर सगळे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) सारख्या वेगाचे नसतात. एसएसडी ६ गिगाबिटच्या पोर्टलाच लावा.

नांदेडचा_मास्तर:
विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, अपडेट मिळत राहतात, मराठीही नीट टाइप होतं. आमच्या वर्गातली जुनी मशीनं त्यावरच चालू आहेत.

सेलूकर:
मास्तर, शाळेला ते उत्तमच. पण आमच्या अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) फक्त विंडोजचा मिळालाय. अंगठा लागला नाही तर म्हातारी माणसं चार कोस चालून रिकामी परत जातात, ते मला बघवत नाही.

जालन्याच्या ताई, तुमचं म्हणणं मात्र लागलं. मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेट योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्यात नाव घातलंय. तेवढ्यात मशीन बदलायचं ठरवतो.

जालन्याहून:
मग आता रॅमवर आणखी पैसा घालू नका. तुमची रॅम डीडीआर३ या जुन्या प्रकारची, नव्या मदरबोर्डात बसणार नाही. एसएसडी तेवढी काढून नव्यात लावता येईल. आणि जुनं मशीन मास्तरांच्या शाळेला द्या.

नांदेडचा_मास्तर:
स्वतः येऊन घेऊन जातो.