मदत हवी आहे: लिंकनशायरमधल्या एका एअर गनरची माहिती कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

चार वर्षं इंग्लंडमध्ये लिंकनजवळच्या एका खेड्यात राहतोय. इथल्या चर्चच्या आवारात भिंतीला लागून एक पांढरा दगड आहे. वर हवाई दलाचं चिन्ह, मग नंबर, सार्जंट, नाव, 'एअर गनर' (विमानातून मशिनगन चालवणारा), १९४४ मधली तारीख आणि वय १९. (नाव मुद्दाम देत नाही, घरचं कुणी असेल.) मुलीला शाळेत सोडताना रोज दिसायचा, पण मी कधी थांबलो नाही.

उन्हाळ्यात आई आली होती. तिचं माहेर अपशिंगे मिलिटरी, सैनिकांचं गाव, त्यामुळे असल्या दगडावरून ती सरळ पुढे जातच नाही. चपला काढून उभी राहिली. "कुणाचं रे हे पोर?" मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणातला डेलिया नेऊन ठेवला. ते चर्चच्या बाईंनी पाहिलं आणि आता नोव्हेंबरात रिमेंब्रन्स संडेला (युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा रविवार) त्याच्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय.

वाचलं बरंच. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाच्या, सुमारे १,२५,००० हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ गेले. लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानात सात जण, पैकी दोन गनर. मागचा शेपटीतल्या काचेच्या बुरुजात एकटा, चार ब्राउनिंग मशिनगनांमागे, कधी सात-आठ तास. पॅराशूट बुरुजात मावायचं नाही, ते पाठीमागे विमानाच्या पोटात ठेवलेलं. आग लागली तर आधी दार उघडून ते ओढून घ्यायचं. रात्री नीट दिसावं म्हणून कित्येक जण समोरची काचच काढून टाकत, तेही उंचावरच्या थंडीत. पण हे झालं गनर लोकांचं. या पोराचं काय?

दगडावर स्क्वाड्रन (मोहिमेवर जाणारी तुकडी) नाही. ती कुठे मिळेल? विमान जर्मनीवर जात होतं, तर हा इथे कसा पुरला? आणि खालची ओळ शेवाळ्याने झाकली आहे, घासली तर चालेल का?

प्रतिसाद १

घासू नका हो! दगड कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा (युद्धात गेलेल्यांच्या कबरी सांभाळणारी संस्था) आहे, त्यांना कळवा. त्यांच्या साइटवर नाव टाका, युनिट कदाचित मिळेल. मग लिंकनच्याच इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरची यादी बघा. स्क्वाड्रन निघाली तर लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये 'एअर २७' ही नोंदींची मालिका, प्रशिक्षण युनिट असेल तर 'एअर २९'. इथे पुरलेले सगळेच मोहिमेवरून परतताना गेलेले नसतात. आठ हजारांहून जास्त जण सराव आणि अपघातांतच गेले.

धागाकर्ता

आभार! सापडलं. हेवी कन्व्हर्जन युनिट (मोठ्या बॉम्बफेकी विमानांचं प्रशिक्षण देणारं), स्टर्लिंग विमान, रात्रीचा सराव. म्हणजे स्क्वाड्रनपर्यंत पोचलाच नव्हता. लँकेस्टरवरचं माझं अख्खं टिपण बाद.

आईला फोनवर सांगितलं. म्हणाली, "मग तेच सांग की."

'एअर २९' कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का? त्यात त्या रात्रीचं काही लिहिलेलं असतं, की नुसते आकडे? क्यूला जायचं तर एक दिवसाची रजा टाकावी लागेल.