'स्पॉटिंग स्कोप'ला काय म्हणावं, आणि 20-60×80 कसं वाचावं?

प्रश्न : आमच्या पक्षिमित्र गटासाठी मराठीत छोटं माहितीपत्रक लिहितोय : कमी खर्चात स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर ठेवून एका डोळ्याने बघायची दुर्बीण) कसा निवडावा. नुसतं 'दुर्बीण' लिहिलं तर लोकांना बायनॉक्युलर वाटते. 'एकनेत्री' चालेल का? खोक्यावरच्या 20-60×80 या आकड्यांचं काय करू?

प्रतिसाद : 'एकनेत्री' मोनॉक्युलरसाठी राहू द्या, ती हातात धरून बघायची खिशातली वस्तू. 'दूरदर्शक' आकाशदर्शनवाल्यांचा.

प्रतिसाद : माझं मत 'टेहळणी दुर्बीण'. 'दुर्बीण' फारसीतून आलेला शब्द, दूरचं बघणारी ती दूरबीन. डोळे एक की दोन, हे त्यात कुठेच नाही. म्हणून शब्द बदलायची गरज नाही, विशेषण जोडलं की पुरे. नेमबाज लक्ष्यावर गोळी कुठे लागली ते हिच्यातून बघतात, आणि परदेशातले शिकारी समोरच्या उतारावरचं जनावर लांबूनच पारखतात. बंदुकीवर बसते ती रायफल स्कोप, ती वेगळी. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा 'शिकारी दुर्बीण' हे नाव पत्रकात नकोच.

आता आकडे. 20-60 म्हणजे 20 पटीपासून 60 पटीपर्यंत मोठं दिसतं. 80 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानदार 60 वर बोट ठेवतो, तुम्ही 80 बघा.

प्रश्नकर्ता : पण जास्त मोठं दिसलं तर चांगलंच ना? आणि 'एक्झिट प्युपिल' मराठीत कसं लिहू?

प्रतिसाद : मी 'प्रकाशाची टिकली' लिहीन, कारण ती खरंच दिसते. दुर्बीण उजेडाकडे रोखा (सूर्याकडे चुकूनही नको), डोळा हातभर मागे घ्या. मागच्या भिंगात एक उजळ गोल ठिपका दिसेल. भिंगाचा व्यास भागिले पट, एवढाच तो असतो. 80 ला 20 ने भागलं की 4 मिलिमीटर, 60 ने भागलं की जेमतेम 1.3. टिकली आक्रसली की चित्र काळवंडतं.

याचा फटका कुठे बसतो? नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चिखलात लिटल स्टिंट आणि टेमिंक्स स्टिंट हे चिमुकले पाणपक्षी शेजारी चरत असतात. पहिल्याचे पाय काळे, दुसऱ्याचे पिवळट-हिरवे. भल्या पहाटे 60 पटीवर दोघांचेही पाय काळेच वाटतात. 25 वर या, रंग कळतो. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, तेव्हाही 60 पट निरुपयोगी. म्हणून पैसे मोजके असतील तर स्वस्त 80 पेक्षा चांगल्या काचेची 60-65 मिलिमीटरची घ्यावी, असं मी ठामपणे सांगेन. काच कशी पारखायची? पांढऱ्या बगळ्यावर रोखा, कडेला जांभळी-हिरवी किनार जितकी कमी तितकी काच बरी.

चष्मा असेल तर डोळा भिंगापासून निदान 15 मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसायला हवं. पावसाळ्यासाठी नायट्रोजन भरलेली बघा, आतून वाफ धरत नाही.

प्रतिसाद : ट्रायपॉडला 'तिवई' लिहू नका हो, लोक स्टूल समजतील. ट्रायपॉडच लिहा आणि त्याचे पैसे आधीच बाजूला काढायला सांगा. 20 पटीला हात स्थिर राहत नाही, हलक्या ट्रायपॉडवर वाऱ्याने चित्र नाचतं.

प्रश्नकर्ता : 'टेहळणी दुर्बीण' पक्कं. 'प्रकाशाची टिकली'सुद्धा घेतो, सोबत आकृती काढतो.