‘मलद्रव्य’ की ‘आगंतुक अणू’?

प्रश्न : अतिसूक्ष्म धातुतारांतील विद्युत्‌वहनावर लिहिताना, सोन्यात किंवा चांदीत राहून गेलेल्या लोहाच्या वा मँगॅनीजच्या अणूंना काय म्हणावे? ‘भेसळ’, ‘अशुद्धी’ आणि ‘मलद्रव्य’ यांत अर्थभेद आहे का?

उत्तर : ‘भेसळ’ प्रथम बाजूला ठेवावा, कारण त्यात फसवणुकीचा हेतू गृहीत असतो. ‘अशुद्धी’ ही अवस्था आहे; ‘तारेत अशुद्धी आहे’ हे ठीक, पण ‘एका अशुद्धीचे परिवलन उलटले’ हे कानाला खटकते (परिवलन म्हणजे स्पिन, कणाला सूक्ष्म चुंबकासारखे वागवणारा त्याचा अंगभूत गुणधर्म). ‘मलद्रव्य’ अर्धसंवाहकांवरील लेखनात रूढ आहे. मात्र त्यातला ‘मल’ निष्क्रिय कचरा सुचवतो आणि येथे नेमके तेच चुकते.

साध्या, अचुंबकीय परक्या अणूवर आदळलेल्या इलेक्ट्रॉनाची दिशा बदलते, पण त्याच्या तरंगाची कला (फेज, म्हणजे तरंग आंदोलनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) हरवत नाही. चुंबकीय अणूच्या बाबतीत इलेक्ट्रॉन आणि अणू या दोघांचीही परिवलने उलटू शकतात, म्हणजे भेटीची खूण अणूवर उरते आणि कलासंबद्धता (तरंगाच्या कलेतला मेळ) भंगते. दर दहा लाख अणूंमागे असा एखादा अणू असला, तरी अतिशीत तारेत तो परिणाम मोजता येतो. धातू थंड केल्यावर त्याचा रोध घटावा, ही अपेक्षा असताना 1934 मध्ये लायडन येथे सोन्याचा रोध काही केल्व्हिनखाली पुन्हा वाढताना आढळला, आणि त्याचे कारण चुंबकीय अणूंवरील या परिवलन-प्रकीर्णनात (परिवलन उलटवत इलेक्ट्रॉन विखुरण्यात) असल्याचे जपानी भौतिकशास्त्रज्ञ जुन कोंडो यांनी 1964 मध्ये दाखवले. इतके घडवणाऱ्याला ‘मल’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून मी ‘चुंबकीय आगंतुक अणू’ सुचवतो.

(‘प्रकीर्णन’ऐवजी ‘विकिरण’ वापरू नये, त्याचा प्रारणाशी गोंधळ होतो.)

प्रतिप्रश्न : प्रयोगासाठी चांदीच्या तारेत मँगॅनीजचे आयन मुद्दाम घुसवले, तर त्यांनाही ‘आगंतुक’ म्हणायचे का?

उत्तर : आपला आक्षेप योग्य आहे. आगंतुक न बोलावता येतो. मुद्दाम घातलेल्यांना ‘रोपित अणू’ म्हणावे, आणि दोन्ही प्रकार अभिप्रेत असतील तेथे ‘परका अणू’ पुरेसा आहे. कोंडो तापमानाच्या (ज्याच्या आसपास हे परिवलन-प्रकीर्णन सर्वांत प्रबळ असते, त्या तापमानाच्या) बरेच खाली भोवतालचे इलेक्ट्रॉन त्या अणूचे चुंबकत्व झाकून टाकतात आणि कलाभंगाचा दर घटत जातो. तेथेही ‘परका’ चालतो, कारण चुंबकत्व झाकले गेले तरी अणू मूळ धातूचा होत नाही.