'ब्रदर्स इन आर्म्स': कॅसेट, एलपी आणि सीडी वेगवेगळ्या का वाटतात?

बी_साइड:
डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडचा हा अल्बम (1985) लहानपणापासून कॅसेटवरच ऐकलेला. आता त्या काळातली एलपी मिळाली, तर 'व्हाय वरी' लवकर आटोपतं आणि 'मनी फॉर नथिंग'ही आखूड वाटतं. एलपी सदोष आहे का? शिवाय कॅसेट संगणकावर उतरवायची आहे, पण आवाज दबका येतो आणि डॉल्बी बी (टेपची खरखर कमी करणारी सोय) लावला की आणखी दबतो. सुरुवात कुठून करू?

सुई_आणि_खाच:
एलपी ठणठणीत आहे. पहिल्या बाजूची पाच गाणी पूर्ण लांबीची धरली तर जवळजवळ 33 मिनिटं होतात. एका बाजूवर एवढं कोंबायचं तर खाचा अगदी जवळजवळ कापाव्या लागतात. मग आवाजाची पातळी उतरते आणि बासचा जोर जातो. म्हणून चार गाणी कापून ती बाजू 25 मिनिटांवर आणली. 'सो फार अवे' 5:12 चं 3:59 झालं, 'मनी फॉर नथिंग' 8:26 चं 7:04, 'युअर लेटेस्ट ट्रिक' 6:33 चं 4:46. सगळ्यात मोठी कात्री 'व्हाय वरी'ला: 8:31 चं 5:22. त्या गाण्याचा जीव शेवटच्या लांब वाद्यांच्या भागात आहे, त्यामुळे ही काटछाट फार खुपते. सीडी आणि कॅसेटला ती अडचण नव्हती. नंतर दोन तबकड्यांवर निघालेल्या एलपींत पूर्ण लांबी आहे.

ऐकायला माझं मत पहिल्या सीडीला. कॅरिबियनमधल्या मॉन्टसेराट बेटावरच्या एअर स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण सोनीच्या 24 ट्रॅकच्या डिजिटल यंत्रावर झालं, म्हणजे जुन्या सीडीत मुळातलं फारसं हरवत नाही. 1996 च्या रीमास्टरमध्ये (त्याच ध्वनिमुद्रणाची नव्याने तयार केलेली आवृत्ती) आवाजाची पातळी चढवली आहे. तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घ्या, नाहीतर मोठा आवाज उगाच सरस वाटतो.

रीळवाला:
आता कॅसेट. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवूच नका, ती हेडला (डेकमधला टेप वाचणारा भाग) लागून पुढच्या कॅसेटमध्ये जाते. कोकणातल्या हवेत हे नेहमीचं. टेप स्वच्छ असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. हेड आणि कॅपस्टन (टेप पुढे ओढणारा धातूचा दांडा) 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टेपला कॅपस्टनवर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला साबणाचं पाणी बरं.

दबक्या आवाजाचं कारण बहुतेक वेळा अ‍ॅझिमथ असतं: हेडची फट टेपला काटकोनात नसली की तीव्र स्वर जातात. डॉल्बी बंद करा, आउटपुट मोनो करा आणि हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) ऐकत हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू किंचित फिरवा. पाव फेऱ्यापलीकडे जाऊ नका. मूळ जागेवर आधी रंगाची खूण करा, इतर कॅसेटसाठी तिथे परत यावं लागेल. खणखणीतपणा सर्वाधिक येतो तिथे थांबा, मगच डॉल्बी लावा. तीव्र स्वर आधीच कमी झाले असतील तर डॉल्बीला तो भाग कमी आवाजात वाजतोय असं वाटतं आणि तो आणखी छाटतो. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय.

डेकच्या लाइन-आउटमधून घ्या, हेडफोनच्या भोकातून नको. संगणकात ध्वनिमुद्रण 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर ठेवा, सर्वोच्च पातळी -6 डेसिबलच्या आसपास.

बी_साइड:
स्क्रू फिरवल्यावर फरक जाणवला, पण आवाज अधूनमधून एका बाजूने बुडतो. कॅसेटमधल्या पॅडची नमदा-चकती सुटलेली दिसते.

रीळवाला:
मग तेच कारण. पॅड टेपला हेडवर दाबून धरतो. तो नसला की संपर्क सुटतो. गोंदाने चिकटवत बसू नका, गोंद टेपला लागला तर ती गेलीच. स्क्रूचं शेल असलेली एखादी रिकामी कॅसेट घ्या आणि दोन्ही रिळं त्यात बसवा. उघडताना शेल आडवं टेबलावर ठेवा. आतले घसरपट्टीचे पातळ कागद आणि कोपऱ्यातले रोलर विसरलात तर टेप गुंडाळली जाईल. टेपला पीळ पडला नाही ना, हे झाकण लावण्याआधी पेन्सिलने दोन-चार वेढे फिरवून बघा.

डेसिबल:
वेगही तपासा. एकाच गाण्यातले दोन ठळक ठोके निवडा, सीडीवर आणि कॅसेटवर त्यांतलं अंतर मोजा. 300 सेकंदांचं अंतर 303 भरलं तर डेक एक टक्का हळू आहे. एवढं संगणकात दुरुस्त होतं. फरक सारखा बदलत असेल तर बेल्ट सैल झालाय, तो आधी बदला.

2005 च्या सुपर ऑडिओ सीडीवर (जास्त तपशिलाची सीडी) ध्वनितंत्रज्ञ चक एनलेने केलेलं 5.1 मिश्रण (सभोवार ठेवलेल्या स्पीकरांसाठीचं) आहे, तेही ऐका. पण ते नव्याने केलेलं मिश्रण आहे, कॅसेटची तुलना त्याच्याशी करू नका.