मदत हवी आहे: मुदत संपूनही निवडणूक होत नसेल तर साध्या मतदाराने दाद कुठे मागायची?

नमस्कार. आम्ही पुण्यातले काही शेजारी मिळून महापालिकेचा कायदा वाचतोय. एका ठिकाणी अडलोय, वकील मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावं.

आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात प्रशासक. अंदाजपत्रक प्रशासनानंच मांडायचं आणि प्रशासकानंच मंजूर करायचं, सभागृहात जाब विचारायला कुणी नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-यू सांगतो की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. किशनसिंग तोमर खटल्यात (२००६) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं हे बंधन ठामपणे सांगितलं. राज्य सरकार सहकार्य करत नसेल तर राज्य निवडणूक आयोगानं कोर्टात जावं, असंही म्हटलं.

मग मार्च २०२१ मध्ये ओबीसी आरक्षणासाठी ट्रिपल टेस्टचा (आयोगाकडून अभ्यास, त्यानुसार प्रमाण आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत, या तीन अटींचा) निकाल आला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच निवडणुका जाहीर करा म्हणून सांगितलं, जुलैत राज्यानं ओबीसींच्या अभ्यासासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाच्या अहवालानुसार आरक्षणाला वाट दिली आणि ऑगस्टमध्ये 'जैसे थे'चा, म्हणजे आहे ती स्थिती तशीच ठेवण्याचा आदेश आला. कोंडी फुटली ती थेट मे २०२५ च्या अंतरिम आदेशानं.

आरक्षणाचा वाद कोर्टानं ऐकायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पोन्नुस्वामी निकालापासून (१९५२) नियम असा की अर्ज बाद झालेल्या उमेदवारानंसुद्धा निवडणूक मध्येच अडवायची नाही, निकालानंतर निवडणूक याचिका करायची. अशोक कुमार खटल्यात (२०००) तर कोर्टाचा हस्तक्षेप निवडणूक पुढे नेण्यासाठी असावा, अडवण्यासाठी नाही, असं तत्त्व आहे. एका उमेदवाराला इतकी कडक शिस्त आणि लाखो मतदारांची निवडणूक मात्र तारखांवर तारखा पडत लटकलेली, हे मला फार खुपतं.

'जैसे थे' देताना महापालिका निवडणुकीत कोर्टाच्या हस्तक्षेपावर बंधन घालणाऱ्या अनुच्छेद २४३-झेडजीचा अडसर का आला नाही? निवडणुकीची अधिसूचना निघाली नव्हती, एवढंच कारण पुरेसं धरतात का? आणि मुख्य म्हणजे, ज्याला निवडणूक लढवायची नाही, फक्त मत द्यायचंय, अशा नागरिकाला निवडणूक आयोगाविरुद्ध उच्च न्यायालयात परमादेश (कर्तव्य बजावायला लावणारा कोर्टाचा आदेश) मागता येतो का? की प्रकरण दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात असेल तर तिथेच हस्तक्षेप अर्ज (चालू खटल्यात आपली बाजू मांडू देण्याचा अर्ज) करावा लागतो? मतदाराच्याच याचिकेवर दिलासा मिळालेला एखादा निकाल, कुठल्याही राज्यातला, माहीत असेल तर नाव आणि वर्ष जरूर द्या. पुढच्या बैठकीत तोच वाचायला घेऊ.