फोबियाला मराठीत काय म्हणायचं?

एका लेखाचं भाषांतर करतेय आणि 'फोबिया'पाशी अडले आहे. कोशात 'भयगंड' मिळतो, पण 'मला लिफ्टचा भयगंड आहे' असं बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही. नुसतं 'भीती' लिहावं तर ती सगळ्यांनाच वाटते. धास्ती, धसका, दहशत यांतलं काही चालेल का?

—

तिन्ही चालणार नाहीत असं मला वाटतं. धास्ती पुढे होणाऱ्या गोष्टीची असते, उदाहरणार्थ निकालाची. धसका घडून गेलेल्या किंवा कानावर आलेल्या गोष्टीचा घेतात. दहशत दुसरा कुणीतरी बसवतो. फोबियामागे अशी आठवणारी घटना असतेच असं नाही.

'भयगंड' न्यूनगंड, अहंगंड यांच्या माळेतला. 'गंडमाळ'मध्ये गंड म्हणजे गाठ, म्हणून भीतीची गाठ असा अर्थ लावता येतो. परिभाषा म्हणून ठीक आहे. पण 'गंड' म्हटलं की तो माणसाच्या स्वभावाचाच दोष वाटतो, आणि ते मला खुपतं.

मला पालीचा फोबिया आहे. रात्री बाथरूमचा दिवा बाहेरून लावते, दार पायाने ढकलते, छताचे चारही कोपरे आणि दाराची मागची बाजू बघते, मगच आत जाते. पाल दिसली तर पुढचे दोन दिवस तिथे अंघोळ नाही. "ती काय खाणार आहे का तुला?" असं घरचे म्हणतात. नाही खाणार, हे मलाही पक्कं ठाऊक आहे. कळतं पण वळत नाही, ते हेच. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 सालच्या निदानपुस्तिकेतही भीती प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने फार मोठी असणं, ती गोष्ट टाळत राहणं, हे सहसा सहा महिने किंवा जास्त चालणं आणि त्यापायी रोजचे व्यवहार अडणं किंवा फार त्रास होणं, असेच निकष आहेत.

आता आपली क्रियापदं बघा. साधी भीती 'वाटते', ही मनात 'बसते'. टाळलं की लगेच सुटल्यासारखं होतं, म्हणून पुढच्या वेळी आणखी टाळावंसं वाटतं आणि ती जास्तच घट्ट बसते. आणि जाते कशी? भीड चेपते तशी भीतीही 'चेपते'. उपचारातही हेच करतात: आधी चित्र, मग काचेपलीकडची पाल, मग त्याच खोलीत, प्रत्येक पायरीवर धडधड ओसरेपर्यंत थांबायचं. अंगावर पाल टाकून भीती 'मोडणारे' नातेवाईक मात्र ती पक्की करून ठेवतात.

—

एक भर. 'छातीत धडधड' सगळीकडे लिहू नका. रक्त किंवा सुई पाहून घाबरणाऱ्यांचा रक्तदाब आधी वाढतो आणि मग एकदम खाली येतो, म्हणून त्यांना भोवळ येते. त्यांना हातापायांचे स्नायू आवळून धरायला शिकवतात, म्हणजे दाब टिकतो. 'जलसंत्रास'ही फोबियाला वापरू नका. ते रेबीजचं लक्षण आहे, त्यात पाणी गिळताना घशाचे स्नायू आखडतात.

'अगोराफोबिया' लेखात असेल तर 'मोकळ्या जागेची भीती' हे अर्धवट आहे. 1871 साली कार्ल वेस्टफाल या जर्मन डॉक्टरने हा शब्द घडवला. ग्रीकमध्ये अगोरा म्हणजे लोक जमण्याची जागा, बाजाराचा चौक. आज त्यात गर्दी, रांग, बस, एकट्याने घराबाहेर पडणं असं सगळं येतं. इथून सुटता आलं नाही तर, मदत मिळाली नाही तर, ही खरी भीती. 'अडकून पडण्याची भीती' जास्त जवळ जातं.

—

दोघांचेही मनापासून आभार. शीर्षकात 'भयगंड' ठेवते, आत 'लिफ्टची भीती मनात बसली आहे' असं लिहिते. उपचारांच्या परिच्छेदात मी 'भीतीवर मात' लिहिलं होतं, ते खोडून 'भीती चेपत गेली' केलं.