जुन्या गाडीचा थर्मोस्टॅट: बदलू की काढूनच टाकू?

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल, २० वर्षं जुनी. गेल्या महिन्यापासून हायवेला लागलं की टेंपरेचरचा काटा खाली येतो, सिग्नलला थांबलं की पुन्हा मध्यावर. हिटर कोमट, ॲव्हरेजही कमी झालंय. मेकॅनिक म्हणतात, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) गेलाय, काढूनच टाकू, इंजिन थंड राहील. मला ते पटत नाहीये. ही गाडी वडिलांची आहे, तिच्यावर प्रयोग नकोत. घरी बदलता येईल का?

प्रतिसाद १
मेकॅनिकचं निदान बरोबर, उपाय चूक. तुमचा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. बंद अडकला असता तर काटा वर गेला असता, आणि रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) तापलेला नि खालचा गारच, असं दिसलं असतं.

काढून मात्र टाकू नका. इंजिन थंड राहणं म्हणजे चांगलं, हा समज फार नुकसान करतो. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, ऑइलमधली वाफ उडून जात नाही, आत गाळ धरतो. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याच्या तळाची चकती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर ती वाट कायम उघडी, म्हणजे गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच फिरत राहतो. अशी गाडी घाटात उलट तापूही शकते.

प्रतिसाद २
घरी होतं, दादा. फक्त इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उकळून अंगावर येतं.

नव्या थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो, ८२ किंवा ८८ असा. त्या तापमानाला तो उघडायला लागतो. कंपनीने तुमच्या इंजिनाला जो सांगितलाय तोच घ्या. बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने टांगून गरम करा (पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका). आतलं मेण वितळून फुगतं आणि झडप ढकलतं, ते डोळ्यांनी दिसतं. नवाकोरा पीसही खराब निघू शकतो, म्हणून ही दहा मिनिटं द्याच.

प्रतिसाद ३
बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. छोटी हलणारी पिन असेल तर ती वर, हवा तिथूनच निघते. जुन्या गाडीत खरी भीती हाउसिंगच्या, म्हणजे थर्मोस्टॅटवरच्या झाकणाच्या बोल्टची. ॲल्युमिनियममध्ये गंजून बसलेले असतात, जोर लावला की तुटतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. माझा एक बोल्ट असाच तुटला आणि अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस गेले. जुन्या गास्केटचा (जोडातून पाणी गळू न देणारी पातळ पट्टी) कण न् कण खरवडा, पण पृष्ठभागावर ओरखडा येऊ देऊ नका. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

प्रतिसाद २
एक राहिलं, आणि बहुतेक जण इथेच फसतात: एअर लॉक, म्हणजे आत अडकून बसलेली हवा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, गाडीचं नाक थोडं उंचावर ठेवा, हिटर पूर्ण गरमवर करा आणि थंड इंजिन झाकण उघडं ठेवून चालू करा. बुडबुडे येतील तसं भरत जा. पाणी उसळून वर यायला लागलं तर लगेच बंद करून गार होऊ द्या. जुनं कूलंट जमिनीवर ओतू नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

मूळ धागाकर्ता
सगळ्यांचे आभार, रविवारी केलं. जुना पीस गार असतानाच उजेडाकडे धरला तर फटीतून आरपार दिसत होतं. आवळताना हात कापत होते, पण बोल्ट सगळे शाबूत. आज हायवेला ४० किलोमीटर चालवली, काटा मध्यावरून हलला नाही. वडील शेजारीच बसले होते, त्यांनी स्वतःहून हिटर बंद करायला सांगितला.